दगडी रोग आणि पेनिसिलिन

दुभत्या जनावरांस होणारा दगडी अथवा कासदाह हा रोग शेतकऱ्याचें फार नुकसान करितो. कास लाल, उष्ण व कठीण होते. दूध पातळ येतें व त्यांत गुठळ्या पडतात. या रोगावर पेनिसिलिन हें औषध पुष्कळ ठिकाणीं वापरण्यांत येतें. त्याचे गुणदोष वाचकांनीं समजून घेणें अवश्य आहे.

उपयोग :— १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांस हें द्रव्य एका बुरशींत आढळलें. तें जंतूंचें कवच नीट बनूं देत नाहीं, त्यामुळें जंतु फुटून मरतात. परंतु दगडीचे सर्वच जंतु त्यास वश होत नाहींत. कांहीं तर त्याचाच नाश करणारा पदार्थ निर्माण करितात. लाळ-खुरकतीच्या विषाणूवर त्याचा मुळींच परिणाम होत नाहीं. म्हणून शक्य तेथें आधीं दूध तपासवून पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच औषध द्यावें.

धोके :— दोन दिवसांत कास मऊ पडली कीं औषध थांबविण्याची चाल घातक आहे. अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधास दाद देईनासे होतात, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या भाषणांत दिला होता. दुसरा धोका दुधाचा. औषधाचा अंश दुधांत उतरतो व उकळल्यानें तो पूर्णपणें जात नाहीं. अशा दुधास विरजण नीट लागत नाहीं. आणि ज्या मनुष्यास पेनिसिलिन सोसत नाहीं, त्याच्या अंगावर गांधी उठणें, श्वास कोंडणें असे विकार होऊं शकतात. एका गाईचें दूध संघाच्या कॅनमध्यें मिसळल्यास सर्वांचेंच दूध दूषित होतें.

खबरदारी :—
१. ठरलेले सर्व दिवस व पूर्ण मात्रेनें औषध द्यावें.
२. सडांत नळी घालण्यापूर्वीं कास पूर्ण पिळून सडाचें टोंक स्पिरिटनें पुसावें.
३. आजारी जनावर सर्वांच्या शेवटीं पिळावें व ओळखीसाठीं त्याच्या पायास रंगीत दोरी बांधावी.
४. वेष्टनावर दिलेली मुदत शेवटच्या मात्रेपासून मोजावी; तोंवर चारहि सडांचें दूध घरांत, संघांत किंवा वासरास देऊं नये.

धार काढल्यावर सडाचें तोंड कांहीं वेळ उघडें राहतें. तेव्हां वैरण घालून जनावर अर्धा तास उभें ठेवावें व गोठा कोरडा राखावा. एवढ्यानेंहि हा रोग पुष्कळ अंशीं टळतो, आणि जें औषध द्यावेंच लागत नाहीं, त्याचा धोकाहि उरत नाहीं.