पडद्यावरील अक्षर आणि वहीचे पान

शिक्षणाच्या प्रसारात साधनांचे स्थान मोलाचे आहे. पाटी-पेन्सिल, खडू-फळा, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, संगणक आणि आता बोटाच्या स्पर्शाने चालणारा फळा, अशी आपल्या शाळांची वाटचाल झाली. पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’ने १९८४ पासून शालेय कार्यक्रमांची निर्मिती केली, ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्राथमिक शाळांना किमान साहित्य देण्याचा प्रयत्न केला. पुढे लोकवर्गणी आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून खेडोपाडी डिजिटल वर्ग उभे राहिले. या साधनांमुळे मूल अधिक पाहू लागले, अधिक ऐकू लागले. ते लिहू कसे लागले, हा प्रश्न मात्र त्या मानाने कमी विचारला जातो.

साधन बदलते, तसे लेखन बदलते

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला लेखनसाधनांचा इतिहास नवा नाही. देवगिरी किल्ल्याजवळील कागजीपुरा या गावात हातकागद तयार करण्याची परंपरा चौदाव्या शतकापासूनची सांगितली जाते. मराठवाड्यातील जुने दप्तर मोडी, उर्दू आणि फारसीत आहे. मोडी ही बोरू फारसा न उचलता भराभर लिहिण्याची लिपी. मुद्रणाला तिची जोडलेली, वळणदार अक्षरे गैरसोयीची ठरली आणि बाळबोध देवनागरीला प्राधान्य मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतील मोडीचे शिक्षण थांबले.

देवनागरीच्या एकवाक्यतेमुळे साक्षरतेचे कार्य सुकर झाले, हे निर्विवाद आहे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या कामी महसूल यंत्रणेला मोडी वाचणाऱ्या जाणकारांची मदत घ्यावी लागली. जे लेखन वर्गातून जाते, ते दोन-तीन पिढ्यांत समाजाच्या हातातून जाते, हा यातील बोध आहे.

सराव खंडित झाला तेव्हा

असा अनुभव अलीकडेही आला. मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ मोबाइलच्या पडद्यावर आले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा सुरू करण्यास डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली. या काळात तंत्रज्ञानाने शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही, हे त्याचे मोठे श्रेय होय. तथापि, पाहणे आणि पर्याय निवडणे वाढले, तर सलग लिहिणे घटले.

याची जाणीव राज्य परीक्षा मंडळालाही झाली. २०२१ ची दहावीची लेखी परीक्षा रद्द करावी लागली होती. २०२२ ची परीक्षा घेताना लेखनाचा सराव कमी झाल्याचे लक्षात घेऊन ७० ते १०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेस अर्धा तास, तर ४० ते ६० गुणांच्या प्रश्नपत्रिकेस १५ मिनिटे वाढीव वेळ देण्यात आला. विषयाचे ज्ञान असूनही ते वेळेत कागदावर उतरवता न येणे ही वेगळी अडचण आहे, हे या निर्णयाने अधोरेखित केले.

देवनागरीची विशेष गरज

‘कि’ लिहिताना हात आधी वेलांटी काढतो आणि मग ‘क’. उच्चारात मात्र ‘क’ आधी येतो. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर वेलांटीची कळ आधी दाबावी लागे. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर व्यंजन आधी व स्वरचिन्ह नंतर, असा उच्चाराचा क्रम आहे. उच्चार समजण्यास हा क्रम उपयुक्तच आहे. परंतु जोडाक्षर यंत्र आपोआप जुळवून देते. ‘कर्म’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ या शब्दांत ‘र’ तीन प्रकारे येतो, हे हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या बोटांना कळते. केवळ कळ दाबणाऱ्याला ते कळेलच असे नाही.

रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची सवय याहून घातक ठरते. तेथे ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ तसेच ऱ्हस्व-दीर्घ यांतील भेद सहसा पुसला जातो. शब्दाची दोन अक्षरे टंकताच यंत्र पूर्ण शब्द सुचवते. मूल तो निवडते, लिहीत नाही. बोललेले लिहून देण्याची सोयही मराठीत उपलब्ध आहे. शिवाय शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. अनेक उपकरणांच्या पडद्यावर मात्र हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. नव्याने अक्षरे गिरवणाऱ्या मुलापुढे त्यामुळे एकाच अक्षराची दोन रूपे येतात.

संशोधनाचा कौल

फ्रान्समध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील मोठ्या मुलांपैकी ज्यांनी अक्षरे हाताने लिहून शिकली, त्यांना कळफलकावर शिकलेल्यांपेक्षा ती अधिक चांगली ओळखता आली. नॉर्वेतील विद्यापीठाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ३६ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील परस्परसंबंध अधिक व्यापक आढळले. हे अभ्यास रोमन लिपीवरील व मर्यादित संख्येचे आहेत; त्यांवरून यंत्राला दोष देणे योग्य नव्हे. प्रारंभीच्या वर्षांत हाताला पर्याय शोधण्याची घाई करू नये, एवढे मात्र त्यांतून सूचित होते.

शाळांनी काय करावे

पहिली-दुसरीत पडद्याचा उपयोग अक्षराचे वळण दाखवण्यापुरता असावा. गिरवणे पाटीवर व वहीतच व्हावे. तिसरी ते पाचवीत चित्रफीत पाहिल्यानंतर ‘काय पाहिले’ ते पाच-सहा वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहवून घ्यावे. सहावीपासून देवनागरी कळफलक पद्धतशीर शिकवावा. संगणकावर लेखन खोडणे, परिच्छेद हलवणे, पुन्हा मांडणे सोपे असते. मसुदा सुधारण्याची शिस्त लावण्यास यासारखे साधन नाही. दृष्टिबाधित किंवा लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तर यंत्राचे साहाय्य ही सोय नसून गरज आहे. ते त्यांना प्रारंभापासूनच मिळावे.

केवळ साधन पुरवल्याने सवय लागत नाही, याचे उदाहरण कागदाचेही आहे. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी वहीची पाने जोडण्यात आली. त्यांचा अपेक्षित उपयोग होत नसल्याचे आढळल्याने २०२५-२६ पासून ती योजना मागे घेण्यात आली. पान कोरे असो वा पडदा उजळलेला, त्यावर लिहवून घेणारा व लिहिलेले वाचणारा शिक्षक हवा.

शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत सदस्य डिजिटल वर्गाची पाहणी करतात, तेव्हा संच चालू आहे की नाही, हे पाहिले जाते. त्याबरोबर प्रत्येक इयत्तेतील चार-पाच वह्याही उघडून पाहाव्यात. मुलाने स्वतः रचलेली वाक्ये किती, नुसते उतरवून घेतलेले किती, शिक्षकांनी चुका दाखवल्यावर ते पुन्हा लिहिले आहे काय, हे पाहण्यास तांत्रिक ज्ञान लागत नाही. गावाने वर्गणी काढून आणलेल्या पडद्याचे खरे मूल्यमापन त्या वहीच्या पानावरच होणार आहे.