शिल्प गॅलरीबाहेर पडतं तेव्हा...

मागच्या गॅदरिंगला आम्ही वर्कशॉपमधल्या भंगारातून एक मोर बनवला आणि लायब्ररीसमोरच्या वडाखाली उभा केला. दुसऱ्या दिवशी तो वाऱ्याने आडवा झाला. परत उभा केला, तर तिसऱ्या दिवशी पिसाऱ्यावर कोणीतरी ऑइलपेंटने भलतंसलतं लिहून ठेवलेलं. आम्ही तो गुपचूप भंगारात टाकला. तेव्हापासून प्रश्न पडला, की उघड्यावर शिल्प मांडायचं म्हणजे काय काय सांभाळावं लागतं? वाचायला घेतलं, आणि भेटले एक मूळचे मुंबईचे शिल्पकार.

अनिश कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. ते इस्रायलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते, पण गणित जमेना म्हणून सहा महिन्यांत सोडलं (एम-थ्रीत केटी लागलेल्यांनी नोंद घ्यावी!). १९७३ मध्ये ते कला शिकायला लंडनला गेले. २०१५ च्या जून ते नोव्हेंबरमध्ये त्यांची शिल्पं फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात मांडली होती. आपल्या अभ्यासासाठी हेच उदाहरण घेऊ.

१) जागा : व्हर्सायची बाग सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र यांनी चौदाव्या लुई राजासाठी आखली. राजवाड्यातून पाहिलं की नजर सरळ रेषेत लांबच्या कालव्यापर्यंत जाते. आपल्या ड्रॉइंग शीटवरची सेंटर लाइनच म्हणा ना! दोन्ही बाजू सारख्या, सगळं शिस्तीत. कपूर यांनी राजवाड्यासमोर 'सी-कर्व्ह' हा चकचकीत स्टेनलेस स्टीलचा वक्र आरसा ठेवला. बहिर्वक्र बाजूत राजवाडा सुलटा दिसायचा, अंतर्वक्र बाजूत उलटा. बारावीच्या फिजिक्समधलाच नियम, पण इथे त्याने राजाचा महाल डोक्यावर उभा केला! हाच आरसा बंद हॉलमध्ये ठेवला असता तर त्यात ट्यूबलाइट दिसली असती. म्हणजे जागा हा शिल्पाचा अर्धा भाग असतो.

२) वारा आणि जमीन : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. इंग्लंडमध्ये गेट्सहेडला अँटनी गॉर्मली यांचा 'एंजल ऑफ द नॉर्थ' हा पोलादी देवदूत १९९८ पासून टेकाडावर उभा आहे. उंची २० मीटर, पंख ५४ मीटर, वजन २०० टन. ताशी १६० कि.मी. वारा सोसावा म्हणून पाया सुमारे २० मीटर खोल नेलाय. आमच्या मोराला पाया नव्हताच, नुसत्या चार विटा! ऐतिहासिक बागेत तर हवं तिथे खणताही येत नाही. व्हर्सायच्या जमिनीखाली कारंज्यांचे जुने पाइप आहेत. पाहुण्याने यावं, पण घराची फरशी फोडू नये, तसंच हे.

३) माणसं : हा सगळ्यात अवघड भाग. त्याच प्रदर्शनात हिरवळीवर 'डर्टी कॉर्नर' होतं. गंजलेल्या पोलादाचं ६० मीटर लांबीचं कर्ण्यासारखं नळकांडं, भोवती दगडमाती. बऱ्याच लोकांना तो राजवाड्याचा अपमान वाटला. जूनमध्ये त्यावर पिवळा रंग फेकला गेला, तो साफ केला. सप्टेंबरमध्ये ज्यूंच्या द्वेषाची वाक्यं लिहिली गेली. कपूर यांची आई ज्यू. यावेळी त्यांनी ठरवलं, पुसायचं नाही. हा द्वेष लोकांना दिसू दे. पण प्रकरण कोर्टात गेलं आणि ती वाक्यं झाकायचा आदेश निघाला. शेवटी ती सोन्याच्या वर्खाने झाकली.

मला सुरुवातीला कपूर यांचंच बरोबर वाटलं. मग वाटलं, रोज तिथून जाणाऱ्या एखाद्या ज्यू मुलाने ती वाक्यं का वाचायची? आणि जागा जर सगळ्यांची, तर निर्णय एकट्या शिल्पकाराचा कसा? अजून माझं नक्की ठरत नाही. पण एक कळलं, की उघड्यावरच्या शिल्पाला वाऱ्याइतकाच माणसांचाही लोड येतो, आणि तो कुठल्याच फॉर्म्युल्यात बसत नाही.

आम्ही मात्र लिहिलेलं तसंच ठेवलं नाही, झाकलंही नाही, सरळ मोरच टाकून दिला. ते चुकलंच. म्हणून यंदा तो परत करायचाय. पाया सिव्हिलवाल्यांनी घालावा, वेल्डिंग मेकॅनिकलवाले करतील. आणि ज्याने पिसाऱ्यावर लिहिलं होतं, तो आपल्याच हॉस्टेलचा असणार. त्यानेही यावं. ब्रश त्याच्याकडे आहेच!