उधारीची वही झाकलेली असायची

साताऱ्यातलं आमचं कापडाचं दुकान वडिलांनी सुरू केलं. पुढं मी सांगलीत गणपती पेठेत दुसरं दुकान घेतलं. निम्मा आठवडा इथं, निम्मा तिथं, अशी माझी ये-जा चालू असते. २०२४ च्या मे महिन्यात सांगलीच्या दुकानात एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. आवाज शांत होता, म्हणूनच मला जास्त लागला.

"दादा, माझ्या लग्नाची तारीख मी फक्त तुमच्या कूपनवर लिहिली होती. दुसरीकडं कुठंच नाही. मग त्या माणसाला ती कुठून कळली?"

आधीच्या दिवाळीत आम्ही सोडत ठेवली होती. कूपनवर नाव, पत्ता, मोबाईल नंबर, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस असे पाच रकाने होते. बाईंनी लेकीसाठी नारायणपेठ साडी घेतली आणि काउंटरवर उभ्या उभ्या सगळे रकाने भरले. मे महिन्यात त्यांना एका माणसाचा फोन आला. त्याला त्यांचं नाव माहीत होतं, दुकान माहीत होतं, साडी माहीत होती. "लग्नाच्या वाढदिवसाचं बक्षीस लागलंय, फक्त आलेला ओटीपी सांगा," असं तो म्हणाला. इतकं सगळं ठाऊक असलेला माणूस दुकानातलाच असणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले आणि खात्यातून अडतीस हजार रुपये गेले.

लाजेपोटी त्यांनी दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. मला कळल्यावर आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेतही गेलो. पण पैसे तोवर पुढं गेले होते. बँकेनं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवलं. ग्राहकानं स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, असं त्यात म्हटलं होतं. बाई काही न बोलता उठल्या.

आता माझी चूक. सोडत झाल्यावर सणासुदीचे मेसेज पाठवून देणारा एक माणूस दुकानात आला होता. मी कूपनांची यादी संगणकावर चढवून घेतली, बिलांची यादी तिला जोडली आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला. एका मेसेजला किती पैसे, एवढंच विचारलं. यादी कुठं राहील, कोण बघेल, काम झाल्यावर पुसली जाईल का, यातलं काहीच विचारलं नाही. कागद नाही, सही नाही. ती माहिती त्याच्याकडूनच फुटली, हे मी सिद्ध करू शकत नाही. माझ्या दुकानातून ती मीच बाहेर दिली, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

त्या रात्री मला वडिलांची उधारीची वही आठवली. लाल कापडात गुंडाळून गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवलेली. एखादं गिऱ्हाईक आपला हिशोब बघायला आलं, की वडील पान उघडायचे आणि डावा तळहात वरच्या नावांवर आडवा ठेवायचे. एकाची उधारी दुसऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. आम्ही पाडव्याला त्या वहीची पूजा करत आलो, पण तो तळहात विसरलो.

हे सांगायचं कारण असं की सध्या व्यापाऱ्यांच्या बैठकांतून नव्या कायद्याबद्दल कुरकुर ऐकू येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. "आपल्यासारख्या छोट्या दुकानदारांवर हे ओझं कशाला?" हा प्रश्न मीही पूर्वी विचारला असता. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं किरकोळ विक्रेत्यांना कळवलं होतं, की बिलासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नका. ती बातमी मी वाचली आणि मोठ्या मॉलसाठी असेल म्हणून सोडून दिली. सहा महिन्यांनी कूपनं छापली.

कायद्यावर रास्त आक्षेपही आहेत. सरकारला दिलेली सूट फार मोठी आहे आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलमात केलेला बदल लोकांच्या हिताचा नाही, असं अनेक कार्यकर्ते सांगतात. मला सगळ्यात खटकतं ते हे, की दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. बाईंसारख्या माणसाला भरपाई मिळण्याची सोय या कायद्यात नाही. या त्रुटींवर बोललंच पाहिजे. पण गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. दुकान लहान आहे म्हणून गिऱ्हाईकाचा हक्क लहान होत नाही.

म्हणून दुकानदार बंधू-भगिनींना माझं सांगणं.

जे लागत नाही ते विचारू नका. साडी विकायला जन्मतारीख लागत नाही. नंबर हवाच असेल तर कशासाठी हवा ते मराठीत, समजेल असं लिहा आणि "नको" म्हणणाऱ्यालाही तेवढ्याच आदरानं बिल द्या.

यादी दुसऱ्याच्या हाती देताना लेखी करार करा. नव्या कायद्यानुसार काम दुसऱ्याला दिलं, तरी जबाबदारी आपलीच राहते. कागदावर घेतलेली माहिती संगणकावर चढवली, की तीही कायद्याच्या कक्षेत येते.

काम संपलं की माहिती नष्ट करा. माझ्या माळ्यावर जुन्या कूपनांची चार पोती निघाली. अशी कूपनं रद्दीत घालू नका. आम्ही फाडून, पाण्यात भिजवून लगदा केला.

माहिती फुटली तर लपवू नका. आम्ही यादीतल्या प्रत्येकाला फोन केले. काहींनी खडे बोल सुनावले. पण दोघींना तसेच फोन येऊन गेले होते आणि आमच्या निरोपामुळं त्या सावध झाल्या.

ग्राहकांनाही काही गोष्टी सांगतो. समोरच्याला तुमची माहिती आहे, एवढ्यावरून तो ओळखीचा ठरत नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, दुकानाचं नाव घेतलं तरी नाही. फसवणूक झालीच तर लाज बाजूला ठेवून त्याच तासाला १९३० वर आणि बँकेत कळवा. आधारची झेरॉक्स मागितली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल का, ते विचारा.

बाईंचे पैसे मी भरून दिले. त्या घेत नव्हत्या, लेकीनं समजावलं तेव्हा घेतले. गेल्या दिवाळीत त्या पुन्हा दुकानात आल्या. काउंटरवरचा पोरगा नवा होता, त्यानं सवयीनं विचारलं, "काकू, मोबाईल नंबर?"

"नंबर नको," बाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून त्यानं बिल फाडून हातात दिलं.