शिस्त कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो?

दरवर्षी जून महिन्याच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात आणि निवासी शाळांच्या अंगणात एक दृश्य हमखास दिसते. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव अशा दूरच्या तालुक्यांतून आलेला एखादा बाप पोराची पेटी खोलीत नेऊन ठेवतो आणि निरोप घेताना हात जोडून म्हणतो, "गुरुजी, मारलं तरी चालते, पण पोराले माणूस बनवा." धानाच्या बांधीत राबणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या, उन्हाळ्यात तेंदूपानासाठी रान तुडवणाऱ्या माणसाची सारी आशा या वाक्यात साठवलेली असते. आपल्या वाट्याला जे आले नाही ते लेकराला मिळावे, एवढेच त्याचे मागणे असते.

परंतु याच वाक्यात एक गृहीतकही दडलेले आहे. मुलाला मारण्याचा अधिकार आपला आहे आणि तो आपण दुसऱ्याला सोपवू शकतो, असे हा बाप मानतो. हा अधिकार खरोखर आहे काय? असल्यास कोठपर्यंत? शाळेच्या वाटचालीचा आढावा घेताना या प्रश्नाकडेही पालक, माजी विद्यार्थी आणि समाजबांधव या नात्याने आपण सर्वांनी एकदा निर्भीडपणे पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

दोन बाप

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका गावात घडलेली घटना महाराष्ट्राने वृत्तपत्रांतून वाचली. दहावीत नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळविलेली, बारावीत शिकणारी सतरा वर्षांची मुलगी. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेच्या सराव चाचणीत तिला कमी गुण मिळाले. संतापलेल्या वडिलांनी तिला लाकडी खुंट्याने मारहाण केली आणि त्या मारहाणीत ती दगावली. आईच्या फिर्यादीवरून वडिलांना अटक झाली. हे वडील अशिक्षित नव्हते. ते शिक्षणक्षेत्रातच काम करीत होते. मुलीने खूप शिकावे, हीच त्यांचीही इच्छा होती. शाळेच्या दारात हात जोडणाऱ्या आपल्या बापाची इच्छा याहून वेगळी नसते. म्हणून ही घटना 'त्या घरातली' म्हणून बाजूला सारता येत नाही. मुलांचा छळ केवळ दुष्टांच्याच घरी होतो, हा समज चुकीचा आहे.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल-अत्याचारांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी त्यासाठी संवाद साधण्यात आला होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक अत्याचार सोसले होते. ज्या मुलांना कुटुंबात असे अत्याचार सोसावे लागले, त्यांपैकी ८८.६ टक्के मुलांच्या बाबतीत मारणारे हात आईवडिलांचेच होते.

आता दुसरा बाप पाहू. सुभेदार रामजी सकपाळ यांची शिस्त कडक होती, हे बाबासाहेबांचे चरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईत परळच्या चाळीतील एकाच खोलीत सारे कुटुंब. भीमरावांच्या मॅट्रिकच्या अभ्यासासाठी रामजी त्यांना सायंकाळी लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला उठवून आपण आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले, तर विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागत, ते गहाण ठेवीत आणि पुस्तक आणून देत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

मध्यरात्री दोन वाजता मुलाला झोपेतून उठविणे ही लहानसहान कठोरता नव्हे. तरीही तिला कोणी छळ म्हणणार नाही. का? कारण त्या शिस्तीचा भार बापाने आधी स्वतःवर घेतला होता. मुलगा उठला तेव्हा बाप जागाच होता. आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो. स्वतः दूरदर्शनसमोर बसून मुलाला "अभ्यास कर" म्हणून दरडावतो आणि निकालाच्या दिवशी हात उगारतो. रामजींची शिस्त निकालाच्या आधी होती आणि ती मुलाच्या सोबतीने पार पडत होती. आपली शिस्त निकालानंतर येते आणि मुलाच्या विरोधात उभी राहते.

मुलाच्या तोंडातील खडा

मग कठोरतेची सीमा ओळखावी कशी? मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात याचे अतिशय नेमके उत्तर सापडते. राजगृहात राजपुत्र अभय भगवान बुद्धांना विचारतो की, तथागत इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतील काय? त्या वेळी अभयच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवंत त्यालाच विचारतात : दाईच्या किंवा तुझ्या दुर्लक्षामुळे या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला, तर तू काय करशील? अभय म्हणतो, मी तो बाहेर काढीन. सहज निघाला नाही, तर एका हाताने डोके धरीन आणि दुसऱ्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन. कारण मला बाळाची अनुकंपा आहे.

म्हणजे बुद्धविचार अतिलाडाचे समर्थन करीत नाही. मुलाला क्षणभर दुखले तरी चालेल, पण खडा निघालाच पाहिजे, हे येथे मान्य आहे. परंतु या दृष्टांतातच मर्यादाही आखलेली आहे. तीन प्रश्नांच्या रूपाने ती मांडता येईल.

पहिला प्रश्न : खडा खरोखर आहे काय? विहिरीच्या काठावर धावणाऱ्या मुलाला आपण दंड धरून खेचतो, तेव्हा धोका खरा असतो. पण चाचणीत कमी पडलेले गुण, सांडलेले दूध, पाहुण्यांसमोर न म्हटलेली कविता, हे खडे नव्हेत. तेथे दुखावलेली असते ती आपली प्रतिष्ठा.

दुसरा प्रश्न : बोट खड्याकडे जात आहे की मुलाकडे? "तू खोटे बोललास, हे चूक आहे" हे वाक्य खड्याकडे जाते. "तू आहेसच नालायक, तुला जन्म देऊन चुकलो" हे वाक्य मुलाकडे जाते. मोहाची दारू पिऊन आलेल्या बापाचा हात, किंवा दिवसभराच्या अपमानाचा राग घरी येऊन काढणारा हात, खड्याकडे जातच नसतो.

तिसरा प्रश्न : खडा निघाल्यावर हात थांबतो काय? मूल रडले, चूक कबूल केली, तरी मार सुरूच राहिला, जेवण बंद झाले, कोंडून ठेवले, चारचौघांत पुन्हा पुन्हा वाच्यता झाली, तर ती शिस्त राहिली नाही.

या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर शिस्त संपली आणि छळ सुरू झाला, असे समजावे. छडी किती जाड होती किंवा वळ किती उमटले, यावरून ही सीमा ठरत नाही. एकही वळ न उमटविता मुलाला वर्षानुवर्षे छळता येते.

कायदा काय सांगतो

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, बालक ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीने त्याला मारहाण केली, त्याचा छळ केला किंवा हेतुतः हेळसांड केली आणि त्यामुळे बालकाला अनावश्यक मानसिक किंवा शारीरिक यातना होण्याची शक्यता निर्माण झाली, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बालकांची काळजी घेणाऱ्या संस्थेतील कर्मचाऱ्याने असे कृत्य केल्यास शिक्षा अधिक कडक, म्हणजे पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे. शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास या दोहोंना मनाई केली आहे. म्हणून "मारलं तरी चालते" ही पालकाची परवानगी शिक्षकाला वाचवू शकत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला काही संरक्षण आहे. तथापि, जीवाला धोका टाळणे किंवा गंभीर आजार बरा करणे अशी कारणे वगळता, जबर दुखापतीला ते लागू होत नाही. स्वीडनने तर १९७९ सालीच आईवडिलांच्या मारालाही कायद्याने बंदी घातली. आपल्या कायद्यातील 'अनावश्यक यातना' हा शब्दप्रयोग ध्यानात घेतला, तर कायदा आणि तो प्राचीन दृष्टांत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. खडा काढण्यापुरते दुखणे आवश्यक असते; त्यापुढचे सारे अनावश्यक.

"आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो"

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हे वाक्य हमखास ऐकू येते. ते सांगणाऱ्यांच्या मनात आपल्या गुरुजनांविषयी कृतज्ञता असते, हे मान्य केले पाहिजे. पण एक गोष्ट विचारात घ्यावी. मेळाव्याला कोण येते? जे टिकले, शिकले, नोकरीला लागले ते येतात. छडीच्या भीतीने ज्याने पाचवीतच दप्तर टाकले आणि जो पुन्हा शाळेकडे फिरकला नाही, तो मेळाव्याला येत नाही आणि स्मरणिकेत लेखही लिहीत नाही. त्याची साक्ष घेतल्याशिवाय छडीच्या बाजूने निकाल देणे न्याय्य नाही. जे घडले ते मारामुळे घडले, की मार सोसूनही घडले, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

काहीजण साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चा दाखला देतील. पोहायला जायला भिणाऱ्या श्यामला आई मारते, हे खरे. पण त्याला लोकांनी भित्रा म्हणू नये म्हणून ती कळवळलेली असते आणि नंतर त्याला जवळ घेऊन समजावते. श्यामच्या स्मरणात राहिली ती आईची माया. मार सहज उचलायचा आणि माया विसरायची, हे त्या माउलीचे अनुकरण नव्हे.

मग करावे काय?

अंबलट्ठिका येथे भगवंतांनी बालवयातील राहुलला खोटे बोलण्याविषयी समज दिली. भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवून ते दाखविले, मग सांडले, मग भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रामण्य असेच रिते, पालथे होते, हे मुलाच्या डोळ्यांसमोर उभे केले. पुढे आरशाचा दाखला देऊन शिकविले की, प्रत्येक कृतीपूर्वी, ती करताना आणि केल्यानंतर विचार कर : याने माझे किंवा दुसऱ्याचे अहित तर होत नाही ना? बाप मुलाला वळण लावतो आहे आणि हातात आहे फक्त पाण्याचे भांडे. हाच आरसा आपणही हात उगारण्यापूर्वी स्वतःसमोर धरावा. राग अनावर झाला, तर आधी अंगणात यावे. मुलाशी नंतर बोलावे. नियम थोडे असावेत, आधी सांगितलेले असावेत आणि ते घरातील मोठ्यांनाही लागू असावेत.

शेवटची विनंती शिक्षक, गृहपाल आणि समाजबांधवांना. दिवाळीची सुटी जवळ आली की वसतिगृहात आनंदाला उधाण येते. अशा वेळी एखादे मूल घरी जाण्याच्या विचाराने गप्प होत असेल, सुटीनंतर अंगावरचे वळ लपवीत असेल किंवा नुसता हात वर केला तरी दचकत असेल, तर "घरचा मामला" म्हणून डोळेझाक करू नये. त्याला एकांतात, धीराने बोलते करावे. पालकांशी बोलावे. प्रकार गंभीर असेल, तर १०९८ या बाल-मदत क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवावे. मूल स्वतःही या क्रमांकावर बोलू शकते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

आणि येत्या जूनमध्ये एखादा बाप पुन्हा हात जोडून तेच वाक्य म्हणाला, तर आपल्या शाळेने त्याला नम्रपणे सांगावे : "दादा, माणूस बनवू, पण मारून नव्हे. तुम्हीही घरी मारू नका." त्या बापाच्या विश्वासाला एवढे उत्तर देणे आपले कर्तव्य आहे.

सर्व बालके निर्भय होवोत. भवतु सब्ब मंगलं.