उन्हाळ्यातील हिरवे अत्तर : खस ओळखावा कसा, विकावा कसा

शिमगा सरला की बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊन चढू लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाच्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि दुपारी बाजारपेठ ओस पडते. लग्नसराई मात्र याच दिवसांत असते आणि जुम्याच्या नमाजसाठी अत्तराची मागणी तर बारमाही. परंतु थंडीत हातोहात खपलेला ऊद, शमामा किंवा हिना आता गिऱ्हाईक हुंगून परत ठेवते. त्याला थंड, पाल्यासारखा, ओल्या गवतासारखा वास हवा असतो. अशा गिऱ्हाइकाला काय द्यावे आणि काय सांगून द्यावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम उन्हाचा परिणाम समजून घेऊ. उष्णतेने सुगंधी तेलाची वाफ लवकर होते. त्यामुळे ऊद, अंबर यांसारखे जड व गोड वास उन्हाळ्यात एकदम उसळतात. मशिदीत खांद्याला खांदा लावून सफ उभी असते, तेथे एकाचे अत्तर दहा जणांना सोसावे लागते. याउलट लिंबू, पुदिना, तुळस यांचे वास प्रसन्न असतात, पण इतके हलके की थोड्याच वेळात उडून जातात. थंड भासणारा आणि तरीही सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकणारा वास एकच, आणि तो खसचा. खसचे तेल पानाचे नाही, फुलाचेही नाही. ते मुळाचे आहे, आणि त्यातील घटक जड असल्याने ते सावकाश उडतात.

खस म्हणजे आपल्याकडचा वाळा. माठात वाळ्याची जुडी टाकण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. अकबर बादशहाच्या काळी वाळ्याच्या टट्ट्यांवर पाणी शिंपडून खोल्या गार ठेवीत, याचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे. उत्तर प्रदेशातील कनौज येथे आजही देग-भपका पद्धतीने खस काढतात. तांब्याच्या देगेत मुळे व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली भट्टी पेटवतात आणि वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरवतात. क्विंटलभर मुळांतून बहुधा किलोभरही तेल हाती येत नाही. भपक्यात काहीच न घालता जे शुद्ध तेल मिळते ते ‘रूह खस’, आणि भपक्यातील चंदनाच्या तेलात जे उतरवले जाते ते ‘अत्तर खस’. हा फरक दुकानात बसणाऱ्या पोरालाही पाठ असला पाहिजे, कारण दोन्हींच्या भावात मोठे अंतर असते.

आता मुद्दा रंगाचा. वाळ्याची मुळे पिवळट-तपकिरी असतात. त्यांचे तेलही मूळचे तपकिरी किंवा मधाच्या रंगाचे. त्यात जी हिरवट झाक येते ती देगेच्या तांब्यामुळे. स्टीलच्या भांड्यात काढलेला अस्सल खस हिरवा नसतोच! परंतु गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे असते खसच्या सरबताची बाटली, आणि त्या सरबताचा पोपटी रंग तर वरून घातलेला असतो. गिऱ्हाईक हिरवे मागते म्हणून कोणी लिक्विड पॅराफिनमध्ये कृत्रिम वास व हिरवा रंग मिसळून ‘असली खस’ म्हणून विकतो. चंदन महागल्यापासून चंदनाच्या जागी असली स्वस्त तेले वापरणे सर्रास झाले आहे. स्वस्त माल विकणे हा गुन्हा नव्हे. गरीब गिऱ्हाइकालाही सुगंधाची हौस असतेच. पण त्याला ‘खसच्या वासाचे तेल’ म्हणावे, रूह म्हणू नये. रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला माल बाहेर काढला आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही, ही हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. अत्तराची कुपी तर धान्याच्या राशीपेक्षाही झाकलेली असते. आत हात घालून पाहण्याची सोय गिऱ्हाइकाला नाही.

मग पारख कशी करावी? पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाका आणि पट्टी बाजूला ठेवून द्या. चांगला खस आधी ओल्या मातीसारखा, मुळांसारखा, किंचित धुरकट येतो. तासा-दोन तासांनी तो निवतो आणि दुसऱ्या दिवशीही लाकडासारखा गोडसर वास राहतो. नकली मालात सुरुवातीला झणझणीत हिरवा भपकारा असतो, मग बहुधा नुसते तेल उरते. अस्सल रूह दाट असते, कुपी कलती केली की हळू ओघळते. अर्थात दाटपणाही बनवता येतो. म्हणून मोठी खरेदी असेल तर नाकावर विसंबू नये. कनौज येथे १९९१ साली स्थापन झालेले सुगंध एवं सुरस विकास केंद्र आहे, तेथे नमुना तपासून मिळतो. तपासणीला लागणारा पैसा आमच्या मते भांडवलात धरावा.

लावण्याविषयी गिऱ्हाइकाला दोन शब्द जरूर सांगावेत. उन्हाळ्यात खस काडीच्या टोकाएवढाच पुरे. कानामागे, मनगटावर किंवा फायावर घेऊन कानाच्या पाळीत. पांढऱ्या कुर्त्यावर थेट लावू नये, डाग पडतो आणि सहजी जात नाही. लिंबू-संत्र्याच्या जातीची तेले, विशेषतः सालीतून पिळून काढलेली, मानेवर लावून उन्हात हिंडल्यास कातडीवर काळे चट्टे उठतात. रसवंतीवाले, गवंडी, फेरीवाले यांना हे आवर्जून सांगावे. स्प्रेमध्ये अल्कोहोल असेल तर न विचारता सांगावे. त्याच्या मसल्यात मतभेद आहेत, निर्णय गिऱ्हाइकाने आपल्या आलिमांना विचारून घ्यावा.

खसच्या जोडीला दवणा व मरवा ठेवण्यास हरकत नाही. चैत्रात दवण्याचा वास लोकांच्या नाकात असतोच. सूरह रहमानमध्ये ज्या रैहानचा उल्लेख आहे, ते नाव अरबीत सब्जाच्या जातीच्या सुवासिक झाडाला देतात. त्या नावाची कुपी आमच्या लोकांत आदराने घेतली जाते. मात्र हे सर्व खसइतके टिकत नाहीत, हेही सांगून टाकावे.

साठवणीत हयगय नको. पत्र्याच्या दुकानात, काचेच्या कपाटात, दुपारच्या तिरप्या उन्हात ठेवलेल्या कुप्या लवकर बिघडतात. लिंबूवर्गीय तेले आधी जातात, खस मात्र जुना झाला तरी सहसा बिघडत नाही. माल लाकडी पेटीत, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवावा.

उन्हाळा संपता संपता संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला येते. बुक्का, अष्टगंध विकणारी आपली अत्तार मंडळी तेव्हा रस्त्यावर असतातच. दिवसभर चालणाऱ्या वारकऱ्याला तोळाभर नको, छोटी कुपी हवी असते. तिच्यावर काय आहे ते मराठीत लिहावे. आणि हजला निघालेले कोणी खस मागायला आले, तर इहराम बांधल्यानंतर सुगंध लावता येत नाही याची आठवण करून देऊन मगच कुपी बांधून द्यावी.