मैदान ओस का पडते?
(खेळातील सहभाग : एक व्यवस्थाविचार)

मैदानावर मुले येत नाहीत, अशी तक्रार निघाली की आपण लगेच कोणाला तरी दोषी ठरवून मोकळे होतो. कोणी विद्यार्थ्यांना आळशी म्हणतो, कोणी पालकांकडे बोट दाखवतो, तर कोणी मोबाईलला नावे ठेवतो. मग एखादी स्पर्धा भरते, ढाली वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. आठवड्याभरात मैदान पुन्हा ओस! असे का व्हावे?

या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी म्हणजे व्यवस्थाविचार. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी या विचाराच्या एका शाखेला शास्त्रीय रूप दिले. तिचे सार सोपे आहे. मैदान हा एक हौद समजा. नव्याने येणारी मुले ही तोटी आणि सोडून जाणारी मुले ही गळती. स्पर्धेने तोटी क्षणभर मोठी होते, पण गळती तशीच राहते. मग हौद भरावा कसा?

दुसरा मुद्दा असा, की व्यवस्थेत परिणाम हाच पुढे कारण बनतो. संघ जिंकावा म्हणून निवडक खेळाडूंनाच सराव मिळतो. बाकीचे कडेला बसतात, कंटाळतात आणि येईनासे होतात. मुले कमी झाली की त्याच चौघा-पाचांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. अशा रीतीने दुष्टचक्र पूर्ण होते. यात दुष्ट मनुष्य कोणीच नसतो. दोष रचनेचा असतो.

रचना बदलल्यास काय घडते, हे आइसलँडच्या उदाहरणावरून दिसते. १९९० च्या दशकात या छोट्या देशात किशोरवयीन मुलांचे मद्यपान चिंतेचा विषय झाले होते. १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागील महिन्यात दारूची नशा केल्याचे सांगितले. तेथे केवळ उपदेशावर भागवले नाही. दरवर्षी शाळाशाळांतून मुलांनाच प्रश्न विचारून माहिती गोळा केली गेली. मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहण्यावर कायद्याने मर्यादा आली. पालकांनी आपसांत करार केले. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारी पैसा वाढला. राजधानी रेक्याविकमध्ये मुलांच्या वर्गणीसाठी कुटुंबांना नगरपालिकेकडून दरवर्षी ठरावीक रक्कम मिळू लागली. हिवाळ्यातही खेळता यावे म्हणून फुटबॉलसाठी छताची मैदाने उभी राहिली.

फळ काय मिळाले? आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा संघटित खेळात भाग घेणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९७ मध्ये २४ टक्के होते, ते २०१२ मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. नशेचे प्रमाण २०१६ पर्यंत ५ टक्क्यांवर आले. याचे श्रेय कोणत्याही एका उपायाला देता येणार नाही, आणि नेमका हाच यातील धडा आहे. वेळ, पैसा, जागा, पालक आणि कायदा हे सारे धागे एकाच वेळी ओढले गेले.

आइसलँडची नक्कल आपण करावी असे मुळीच नाही. तो देश धनिक आहे, लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. परंतु त्यांची प्रश्न विचारण्याची रीत उचलायला पैसा लागत नाही. किती ढाली मिळाल्या याची नोंद आपण ठेवतो. पहिल्या आठवड्यात येऊन पुन्हा न दिसलेल्यांची यादी कोणी ठेवतो का? सरावाची वेळ आणि गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. यांचा मेळ बसतो का? मुलींना कपडे बदलायला खोली आहे का? संघात निवड न झालेल्याला रोज खेळायला मिळते का?

ही उत्तरे आळसात नव्हे, वेळापत्रकात आणि कुलपांत सापडतील. मुलांना मैदानावर बोलावणे सोपे आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशीही यावे अशी व्यवस्था उभारणे, हेच खरे क्रीडाकार्य होय.