वाडीचा घाट, दुपारचा उजेड

प्रश्न : नृसिंहवाडीचा बदलता नदीकाठ एका दुपारात कॅमेऱ्यात टिपायचा आहे. कडक उन्हाचं काय करू?

उत्तर : चारपर्यंत घाटावर जाऊच नका. तोवर पेढ्यांच्या दुकानांत सावलीत काम करा. खवा परतणारे हात जवळून घ्या, पण आधी विचारून. मग कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडे वळा. पाण्याची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते. जुन्या दगडी पायऱ्या आणि नवं काँक्रीट एकाच चौकटीत बसवा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर इथे येऊन गेलेत, तेव्हा भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा शोधा. एक जागा पक्की करून ठेवा. दक्षिणद्वार सोहळ्याच्या वेळी पुराचं पाणी दत्तमंदिरातल्या पादुकांवरून वाहतं. नंतर पूर ओसरल्यावर, वाट सुरक्षित असेल तरच, त्याच पक्क्या केलेल्या जागेवरून पुन्हा फोटो काढा. बदल अशा जोडीतच दिसतो.